वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राण्यांसाठी लेथवर कातलेले रक्षाकलश

कुत्र्या-मांजरांच्या रक्षेसाठी घरच्या लेथवर लाकडी कलश कसा करावा, हे विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतले सगळ्यांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न या अंकात घेतले आहेत. मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

आमच्या लॅब्रॅडॉरचं वजन ३० किलो होतं. कलश आतून किती मोठा हवा? बाजारातल्या कलशांवर मापं दिसतात, पण ती कशी काढतात ते कळत नाही. (पुणे)

ढोबळ हिशेब असा : प्राण्याच्या वजनाच्या दर किलोला ३६ मिलिलिटर जागा. म्हणजे ३० किलोला १०८० मिलिलिटर. वजन धरायचं ते धडधाकट असतानाचं. शेवटच्या आजारात लॅब्रॅडॉर पाच-सात किलोंनी उतरलेला असतो, पण हाडं तेवढीच राहतात आणि रक्षा होते ती मुख्यतः हाडांचीच.

हा हिशेब दहनानंतर यंत्रात दळलेल्या रक्षेचा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रक्षा दळून देत नाहीत, त्यामुळे बोटाच्या पेरापेरांएवढे तुकडे तसेच येतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी राहते. तेव्हा रक्षा हातात यायच्या आधी लाकूड कापूच नका. पिशवी मिळाली की स्वयंपाकघरातल्या लिटरच्या मापाशी किंवा माहीत असलेल्या डब्याशी ताडून पाहा. ते शक्य नसेल तर हिशेबाच्या आकड्यात किमान २० टक्के वाढवा. तुमच्यासाठी १३०० मिलिलिटर धरा.

आता आकार. सरळ नळकांड्यासारखी पोकळी असेल तर आतला व्यास × व्यास × खोली × ०.७८५ (सगळं सेंटिमीटरमध्ये, उत्तर मिलिलिटरमध्ये). व्यास १०.५ आणि खोली १५ घेतली की १२९८ येतात. पोकळी गोलसर, मडक्यासारखी असेल तर ०.७८५च्या जागी ०.५२ घ्या : १४ व्यास, १२ उंची म्हणजे साधारण १२२०. घोटाळा होतो तो इथेच. लोक नळकांड्याचा हिशेब करतात आणि कातताना खांदे गोल करतात, बूड निमुळतं करतात. मग शंभर-दीडशे मिलिलिटर कमी पडतात आणि ते पोकळी पूर्ण झाल्यावर लक्षात येतं.

भिंत ८ मिलिमीटर धरली तर बाहेरून १२.१ सेंटिमीटर होतात. म्हणजे ठोकळा किमान १३.५ सेंटिमीटर चौरस आणि २१ सेंटिमीटर लांब हवा. १५ खोलीचे, १ बुडाचा, १ चकमध्ये (लेथवर ठोकळा पकडणाऱ्या जबड्यांत) धरायच्या खुंटीचा, आणि बाकीचे तोंडाकडची कड व झाकण यांसाठी. पोकळी पूर्ण झाली असं वाटलं की कलश चकमधून सोडवण्याआधी चकसकट लेथवरून उतरवून उभा धरा, मोहरीने भरा आणि मोहरी मापात ओता. पाण्याने मोजू नका, लाकूड पिऊन बसेल.

चार किलोच्या मांजराला १७५ ते १८० मिलिलिटर पुरतात, म्हणजे आतून ६ × ६.५ सेंटिमीटर. पोपटासाठी चहाच्या चमच्याएवढी जागाही खूप झाली. तिथे कलशाऐवजी छोटा करंडा करा.

कोणतं लाकूड घ्यावं? (सातारा)

सागवान. महाग आहे आणि त्यातल्या सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते, दर पाच-दहा मिनिटांनी धार लावावी लागते. तरीही हवेच्या ओलाव्याने सागवान इतर लाकडांपेक्षा कमी फुगतं-आकसतं, आणि झाकणाच्या वस्तूत त्याला तोड नाही. जुन्या वाड्याचे वासे, तुळया वखारीत मिळाल्या तर उत्तमच, कारण ते लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. फक्त ठोकळा कापण्याआधी त्यावरून लोहचुंबक सावकाश फिरवा. आत तुटलेला खिळा असेल तर पटाशीची धार एका फेरीत संपते.

शिसव दिसायला सुंदर आणि कातायला गोड आहे, पण तिच्या भुशाने काहींच्या हातावर, पापण्यांवर पुरळ उठतं. बाह्या खाली, मास्क चांगल्या प्रतीचा, आणि काम संपलं की आंघोळ. आंबा स्वस्त आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. शिवण हलकी आणि शांत असते, नवख्यांनी पहिला कलश शिवणीचा करावा. बाभूळ टणक आणि देखणी, पण आतून पोकळी काढताना दमवते.

अंगणातला आंबा वादळात पडला. आमचा कुत्रा त्याच्याच सावलीत बसायचा, म्हणून कलश त्याच लाकडाचा हवा आहे. ओल्या लाकडाचा करता येईल का? (रत्नागिरी)

येईल, पण दोनदा कातून. एकाच बैठकीत केला तर महिन्याभरात तो चिरेल.

आंब्याचं लाकूड पडल्यावर लगेच निळसर-काळं पडायला लागतं आणि भुंगेरे शिरतात. त्यामुळे पहिल्या आठ दिवसांतच ठोकळे कापा. खोडाचा अगदी मधला बिंदू ठोकळ्यात येऊ देऊ नका. तडे तिथूनच सुटतात आणि तो बिंदू बुडात आला तर बूड नक्की फुटतं. म्हणजे फांदी निदान ३० सेंटिमीटर जाड हवी. तिचा मधून उभा छेद घेऊन प्रत्येक अर्ध्यातून एकेक ठोकळा निघतो. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना वितळलेलं मेण लावा, कारण टोकांतून ओल इतर बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जाते.

मग कच्चा आकार काता. भिंतीची जाडी बाहेरच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाहून थोडी जास्त, म्हणजे १३ सेंटिमीटरला १४-१५ मिलिमीटर. बूडही तेवढंच. खुंटी शाबूत ठेवा, कारण वाळताना ती लंबगोल होणार आणि नंतर पुन्हा गोल करून घ्यावी लागणार. किडीसाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि २०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवा आणि हा कच्चा कलश ओला असतानाच त्यात रात्रभर बुडवा. वाळलेल्या लाकडात हे मिश्रण आत शिरत नाही. लहान मुलं आणि जिवंत असलेली दुसरी जनावरं यांच्यापासून बादली लांब ठेवा.

निथळल्यावर स्वतःच्याच भुशासकट कागदी पिशवीत घालून, ऊन आणि पंखा नसलेल्या खोलीत ठेवा. दर रविवारी वजन करून पिशवीवर लिहा. लागोपाठ तीन आठवडे वजन उतरलं नाही की लाकूड तयार. कोकणात पावसाळा मध्ये आला तर चार-सहा महिने सहज जातात. घाई असेल तर रक्षा तोवर कापडी पिशवीत, हवाबंद डब्यात ठेवा. ती खराब होत नाही, फक्त ओल धरून गोळे होतात.

पोकळी काढताना हत्यार अडकतं, दोनदा ठोकळा चकमधून सुटून उडाला. काय चुकतंय? (कोल्हापूर)

पत्रावरून तीन कारणं दिसतात आणि बहुधा तिन्ही एकदम घडत आहेत.

पहिलं, खुंटी. तुम्ही १२ सेंटिमीटरच्या ठोकळ्याला ४ सेंटिमीटरची खुंटी ठेवली आहे. उभ्या रेषांच्या (म्हणजे तंतूंच्या) लाकडात अशी बारीक खुंटी मुळाशी तुटते. खुंटीचा व्यास वस्तूच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी नको. लांबी ८-१० मिलिमीटर पुरे, पण तिचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. वस्तूचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर घट्ट बसला पाहिजे. पकड त्या खांद्यामुळे येते, लांब खुंटीमुळे नाही.

दुसरं, वेग. व्यास इंचात घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणलं की उत्तर ६००० ते ९००० यायला हवं. पाच इंची ठोकळ्याला म्हणजे १२०० ते १८०० फेरे, आणि तेही तो गोल झाल्यावर. चौकोनी असताना ५००-६००वर सुरू करा. पोकळी काढताना खालच्याच आकड्यापाशी राहा.

तिसरं, पद्धत. आधी टेलस्टॉकमध्ये (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारात) ५० मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट, म्हणजे सपाट तळाचं भोक पाडणारा बिट, लावून, ४०० फेऱ्यांच्या आसपास, मधोमध भोक पाडा. हव्या त्या खोलीच्या एक सेंटिमीटर अलीकडे थांबा, बिटच्या दांड्याला टेप चिकटवून खूण करा. दर दोन सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर बिट तापून अडकतो. या भोकामुळे खोली ठरून जाते आणि हत्याराला शिरायला जागा मिळते.

पुढचं कातणं मधून बाहेरच्या दिशेने. कलशात लाकडाच्या रेषा लेथला समांतर असतात, त्यामुळे कडेकडून मध्याकडे गेलात तर हत्यार रेषांच्या टोकांत घुसतं. वाडगा कातायची सवय असलेल्यांचा हात इथे उलटा जातो, कारण वाडग्यात रेषा आडव्या असतात आणि आतून कडेकडून मध्याकडेच यायचं असतं. आतून स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) वापरताना टोक मध्यरेषेच्या किंचित वर आणि मूठ थोडी उचललेली ठेवा. मग हत्यार दबलं तरी टोक लाकडापासून सुटतं, आत घुसत नाही.

हत्याराचा १२ मिलिमीटर जाड दांडा टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) पुढे १२-१५ सेंटिमीटरहून जास्त काढला की थरथरतो. १५ सेंटिमीटर खोलीला १६ मिलिमीटरचा घ्या. थरथरीचा आवाज सुरू झाला तर जोर वाढवू नका, धार लावा. आणि चेहऱ्यावर पूर्ण शील्ड. ठोकळा दोनदा उडाला आहे म्हणता, तेव्हा तिसऱ्या वेळी तरी तो शील्डवर येऊ दे.

माझा लेथ लहान आहे, १३ सेंटिमीटरचा ठोकळा बसतो पण फिरताना सगळा टेबल हलतो. (ठाणे)

ठोकळा लेथवर चढवण्याआधी बँडसॉवर किंवा हातकरवतीने कोपरे उडवून अष्टकोनी करा. टेबलाखालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा. एवढं करूनही भागलं नाही तर एकाच मोठ्या ठोकळ्याऐवजी १२ पट्ट्यांच्या दोन्ही कडा १५-१५ अंशांनी तासून त्या पिंपासारख्या जोडता येतात आणि मधलं लाकूड काढायची मेहनतच वाचते. पण कोनात पाव अंशाची चूक २४ कडांवर मिळून ६ अंशांची फट होते. करवतीचा कोन भंगार फळीवर पूर्ण वर्तुळ जोडून पाहिल्याशिवाय चांगल्या लाकडाला हात लावू नका. सागवानाच्या कडा चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा. त्यातल्या तेलामुळे गोंद धरत नाही.

उन्हाळ्यात केलेल्या कलशाचं झाकण पावसाळ्यात इतकं घट्ट बसलं की निघेना. दुसऱ्याचं दिवाळीनंतर ढिलं झालं. आटे पाडले तर ते तुटतात. झाकण करायचं तरी कसं? (चिपळूण)

आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त प्रश्न झाकणाचे आहेत.

जुने कातारी कुंकवाचे करंडे दाबून बसणाऱ्या झाकणाचे करत, आणि ते छान चालत. पण करंड्याचं तोंड तीन-चार सेंटिमीटरचं. आठ सेंटिमीटरच्या झाकणाला कोकणातल्या उन्हाळा-पावसाळ्यात अर्धा ते एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. एका दिशेने जास्त, दुसऱ्या दिशेने कमी, म्हणजे झाकण लंबगोल होतं. करंड्याचं माप मोठं करून कलशाला लावलं तर हेच होणार.

लाकडात आटे टिकतात ते अतिशय दाट, बारीक पोताच्या लाकडात. चांगल्या शिसवीत जेमतेम जमतं. सागवान आणि आंब्याचे आटे भुसभुशीत होऊन गळतात. पातळ सुपरग्लू पाजून आटे कडक करता येतात, पण लंबगोल होण्यावर त्याचा काही इलाज नाही.

टिकाऊ उपाय प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. दोन इंची यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) फिमेल अडॅप्टर, म्हणजे आतून आटे असलेला जोड, ज्याला दुकानदार एफटीए म्हणतात, आणि त्यात बसणारा आटेवाला एंड प्लग, म्हणजे बूच. दोन इंची आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ ६० मिलिमीटर असतो, त्यामुळे पिशवी आत सोडायला पुरेसं तोंड मिळतं. खरेदी करताना तिथेच प्लग पूर्ण फिरवून पाहा. काही जोड्या दोन आट्यांतच अडतात.

अ‍ॅडॅप्टरचा आट्यांचा भाग २० मिलिमीटर ठेवून बाकीचा करवतीने कापा. लाकडाच्या गोल खुंटीवर तो दाबून बसवा आणि ६०० ते ८०० फेऱ्यांवर धारदार स्क्रेपरने बाहेरचे कंगोरे उतरवून गोल करा. वेग जास्त झाला तर पीव्हीसी वितळून हत्याराला चिकटतं. बाहेरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. कलशाच्या तोंडात त्याच्यासाठी खाच काता, पण सगळ्या बाजूंनी १ मिलिमीटर सैल. हे महत्त्वाचं आहे. प्लास्टिक आकसत नाही, लाकूड आकसतं, आणि घट्ट बसवलेल्या कड्याभोवती लाकूड उन्हाळ्यात तडकतं. म्हणून इथे कडक इपॉक्सी नको. पॉलियुरेथेन सीलंट भरा, ते वाळल्यावरही रबरासारखं लवचीक राहतं. दोन दिवस हलवू नका.

प्लगचं चौकोनी डोकं कापून, तो झाकणाच्या पोटातल्या खाचेत त्याच सीलंटने बसवा. मात्र आधी प्लग कलशात पूर्ण आवळा आणि मग त्याच्यावर झाकण असं ठेवा की झाकणाच्या आणि कलशाच्या लाकडाच्या रेषा जुळतील. पेन्सिलीने खूण करून तसंच चिकटवा. बंद केल्यावर सांधा दिसत नाही. आट्यांना थोडं मेण चोळा.

झाकण चिकटवून कायमचं बंद करा, असं सांगणारे आहेत. करू नका. पुढे थोडी रक्षा विसर्जित करायची असते, घर बदलतं, दुसऱ्या भावंडाला अर्धी हवी असते.

बूड वेगळं लावलं तर चालेल का? (नागपूर)

चालेल, आरपार पोकळी काढणं सोपंही जातं. चकती मात्र कलशासारखीच उभ्या रेषांची घ्या, शक्यतो त्याच ठोकळ्यातून आणि त्याच दिशेने फिरवून. आडव्या रेषांची फळीतली चकती नागपूरच्या मे महिन्यात एकीकडे आकसते, पावसात फुगते आणि भिंतीला उभी चीर पाडते. बुडाची खालची बाजू मध्याकडे एक-दोन मिलिमीटर खोल काता, म्हणजे कलश डुगडुगत नाही.

सागवानावर तेलाचं व्हार्निश आठवडा झाला तरी चिकट आहे. (नाशिक)

सागवान आणि शिसवीतली नैसर्गिक तेलं असं व्हार्निश सुकू देत नाहीत. ते टर्पेंटाइनने पुसून काढा, लाकूड अ‍ॅसिटोनने पुसा आणि आधी चपडी लाखेचा एक पातळ हात द्या : मेण काढलेली लाख १०० ग्रॅम, स्पिरिट एक लिटर. त्यावर व्हार्निश नीट धरतं. नुसती लाखही पुरेशी आहे. मग तीच १५० ग्रॅमला एक लिटर करून पाच-सहा पातळ हात द्या, दोन हातांच्या मध्ये ४०० नंबरचा पेपर फिरवा. पावसाळी हवेत लाख लावली तर पांढुरकी पडते, तेव्हा कोरडा दिवस धरा.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२०, ४०० असा क्रमाने. कलशाच्या वरच्या कडेला आणि बुडाला रेषांची टोकं असतात. तिथे पेपर दाबून धरला की लाकूड तापून केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या पॉलिश झाल्यावरच दिसतात. बोटाला ऊब लागली की थांबा.

रंग हवा असेल तर कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांची रीत वापरा. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाने ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने चकाकी आणायची. गुळगुळीत, साध्या आकारांवरच हे जमतं. अळशीचं तेल वापरणाऱ्यांनी तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेटते. पाण्यात भिजवून मगच टाका.

नाव कोरायचं आहे. पितळी पट्टी की लाकडावरच? (डोंबिवली)

पट्टी, सपाट बुडावर किंवा झाकणावर. गोल भिंतीवर ती वाकवावी लागते आणि कोपरे सुटतात. लाकडावरच हवं असेल तर जळत्या सुईने लिहिणं पॉलिशच्या आधी करा, नंतर नाही.

नदीत सोडता येईल असा कलश करायचा आहे. (सांगली)

लाकूड तरंगतं. बंद कलश पाण्यात सोडला की तो बुडत नाही, वाहत जाऊन दुसऱ्या घाटाला लागतो, आणि कुणाच्या तरी हाती पडतो. रक्षा पाण्यात ओता आणि कलश घरी आणा, हे आमचं मत. तरीही सोडायचाच असेल तर शिवणीसारख्या लाकडाचा, पॉलिश, सीलंट, खिळा, पट्टी काहीही न लावता करा, आणि बुडाला व खांद्याला १० मिलिमीटरची चार-चार भोकं पाडून ती आतून पातळ कागदाने झाका. पाणी आत शिरून रक्षा निघून जाते. रिकामा कलश तरीही वर येईल, तो काढून घ्या.

झाडाखाली पुरणार असाल तर रक्षा एका जागी ओतू नका. ती क्षारयुक्त आणि बरीच अल्कधर्मी असते, रोपाच्या मुळांपाशी साठली तर रोप जळतं. एक भाग रक्षेला निदान दहा भाग माती आणि शेणखत मिसळा, आणि खोडापासून हातभर लांब पसरून टाका.